सोळाशे पन्नासवर अडकलेला काटा

मी एक जुनी फुंकणी आहे. चूल पेटवायची नव्हे, मित्रांनो. हे आधीच सांगून ठेवते, कारण त्या एका गैरसमजाने माझे डोके फार वेळा फिरले आहे. मी श्वास मोजते. खिशातल्या घड्याळाएवढा माझा आकार, वर तबकडी, तबकडीवर काटा आणि पोटात एक इवलासा, कांद्याच्या सालीइतका पातळ पंखा. माणसाने छाती भरून हवा घ्यायची आणि माझ्या नळीला ओठ लावून सगळी सोडायची. पंखा गरगरतो, काटा पुढे सरकतो आणि छातीत किती हवा मावते ते मी मिलिलिटरमध्ये सांगते. कारखान्याने मला एक लांबलचक नाव दिले होते, पण ते कुणाच्या जिभेवर बसले नाही. पहिल्याच दिवशी रुग्णालयातल्या मोठ्या सिस्टरनी मला हातात घेऊन म्हटले, "ही तर फुंकणी!" आणि तेच चिकटले.

आज माझी काच तडकली आहे, कडेला पोचा आहे आणि काटा सोळाशे पन्नासवर अडकून पडला आहे. तो तिथे कसा अडकला, तेच सांगायचे आहे. गोष्ट गोड नाही. पण तुम्ही लहान आहात म्हणून मी काही साखर पेरणार नाही. आयुष्यात एकदा खोटे बोलून बसले आहे, तेवढे पुरे झाले.

माझा जन्मच मारहाणीत झाला. पत्र्याची चकती दाबयंत्राखाली ठेवली, वरून मणामणाचा घाव पडला आणि मी वाटीसारखी झाले. मग कडा घासल्या, भोके पाडली, मळसूत्रे आवळली. शेवटी तपासणी. सोसाट्याची हवा माझ्या नळीत कोंबली, एकदा नव्हे, तीनशे वेळा. ज्यांचे पंखे तुटले त्यांना समोरच्या पिंपात फेकले. माझा तुटला नाही. तेव्हापासून मला वाटू लागले की आपण काहीतरी विशेष आहोत, आणि हा गर्व पुढे मला फार महागात पडला.

माझी नेमणूक एका मोठ्या रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर झाली. आठ खाटांची लांबट खोली, हिरवट भिंती, खिडक्या कायम बंद. तिथे नसांचे आणि स्नायूंचे भारी आजार झालेली माणसे येत. हे आजार मोठे क्रूर असतात, मित्रांनो. अंगातलेच पहारेकरी फितूर होतात आणि आपल्याच नसांची साले सोलू लागतात. काल जिना चढणारा माणूस आज चमचा उचलू शकत नाही, आणि उद्या त्याला श्वास ओढता येत नाही. डोके मात्र लख्ख शाबूत असते. सगळे कळते, सगळे ऐकू येते, फक्त बोट हलत नाही.

अशा माणसाचा श्वास कधी ढासळेल हे बाहेरून दिसत नाही. ते मला दिसते. दर चार तासांनी सिस्टर मला घेऊन खाटेपाशी जायच्या. "हं, मोठ्ठा श्वास घ्या. आता फुंका, फुंका, फुंका, सोडू नका!" काटा खाली येऊ लागला की धावपळ व्हायची. एकदा एका रिक्षावाल्याचा आकडा दुपारी बाराला चोवीसशे होता आणि चार वाजता अकराशे. माणूस हसत बोलत होता, पेपर वाचत होता. सिस्टरनी आरडाओरडा करून त्याला श्वासाच्या यंत्रावर घेतले आणि तो वाचला. त्या दिवशी विभागाच्या मुख्य डॉक्टर, म्हणजे मॅडम, मला तळहातावर घेऊन म्हणाल्या, "माणसं खोटं बोलतात. ही कधी बोलत नाही." मी फुलून गेले होते.

आता या मॅडमविषयी सांगते. बाई कडक, पण मनाच्या वाईट नव्हत्या. तरुणपणी त्यांच्या डोळ्यांदेखत एक एकोणीस वर्षांची मुलगी साध्या वॉर्डात गुदमरून गेली होती, केवळ तिच्याकडे कुणाचे लक्ष नव्हते म्हणून. तेव्हापासून त्यांनी ध्यास घेतला की कुणाची दगावण्याची शक्यता किती, हे पहिल्याच दिवशी कळले पाहिजे. त्यांनी रेकॉर्डच्या खोलीत बसून सहाशे बारा जुन्या फायली उपसल्या. कोण वाचले, कोण गेले आणि आल्या दिवशी त्यांची अवस्था काय होती, हे सगळे जुळवून एक कागद तयार केला. त्यावर आठ चौकोन. वय किती, अशक्तपणा किती दिवसांत वाढला, उशीवरून मान उचलता येते का, खोकता येते का, असे एकेक. आठवा चौकोन माझा होता: श्वासाचा आकडा. आठही भरले की बेरीज व्हायची आणि खाली उत्तर यायचे. असे शंभर रुग्ण आले तर त्यांतले किती रुग्णालयातून जिवंत परतत नाहीत, ते उत्तर.

खोलीतले लोक त्याला 'भविष्याचा कागद' म्हणत. साठाच्या वर उत्तर आले की खाटेच्या पायथ्याशी लाल चिकटपट्टी लागायची, मधल्यांना पिवळी, विसाच्या आतल्यांना हिरवी. आणि एक नियम होता: पहिल्या दिवशीचे चौकोन पुन्हा खोडायचे नाहीत. तपासणी खरी ठरायची तर भविष्य मागाहून बदलून चालत नाही, असे मॅडमचे म्हणणे. त्यामुळे एकदा लागलेली पट्टी माणूस चालत जाईपर्यंत किंवा झाकून जाईपर्यंत तशीच राहायची.

मॅडमच्या मनात लाल पट्टी म्हणजे 'इथे डोळ्यांत तेल घालून बघा'. पण पट्टीला काय, ती बोलत थोडीच? आठ खाटा आणि दोन सिस्टर. घशातला कफ ओढायचा, कूस बदलायची, यंत्राची घंटी वाजली की पळायचे. हात कमी पडू लागले की मन आपोआप हिशेब करते. आधी हिरवी, मग पिवळी, मग लाल. कुणी तोंडाने कधी बोलले नाही. पण दोन वर्षांत लाल पट्टीचा अर्थ 'इथे फार दमू नका' असा होऊन बसला. लाल खाटेवरची घंटी जरा जास्त वेळ वाजत राहायची. मग लाल खाटेवरची माणसे जास्त मरायची आणि सगळे म्हणायचे, मॅडमचा कागद काय अचूक आहे! मीही त्या कौतुकात मिरवत होते. आठवा चौकोन माझा होता ना.

अशात मिस्त्री आला.

मिस्त्री म्हणजे गाड्यांचे पोचे काढणारा कारागीर. वय सेहेचाळीस, खांदे दाराएवढे, हातांवर जुन्या जखमांचे वळ. चेपलेला पत्रा आतून हातोडीने असा ठोकायचा की गाडीला धक्का लागला होता हे मालकालाही पटू नये. आठवड्यापूर्वी त्याच्या हातातून हातोडी गळाली. मग पाय गेले. त्याच्या बायकोने आणि धाकट्या भावाने त्याला चादरीत घालून आणले. हा धाकटा बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायचे काम करायचा. राग नाकावर, पण भावावर जीव असा की खाटेवर ठेवतानाही तो चादरीचे टोक सोडत नव्हता.

सकाळची गर्दीची वेळ होती. एका तरुण डॉक्टरने, खोलीत त्याला छोटे डॉक्टर म्हणत, मला मिस्त्रीच्या तोंडाला लावले. "फुंका."

मिस्त्रीने फुंकले. मित्रांनो, त्याच्या छातीत हवा होती! मला ती येताना जाणवली. पण तिच्यातली निम्म्याहून अधिक माझ्या नळीच्या कडेने, त्याच्या ओठांच्या कोपऱ्यांतून फुर्रकन निसटली. त्याच्या चेहऱ्याचे स्नायूही लुळे पडले होते. ओठ मिटतच नव्हते. जी हवा माझ्या पोटात आली तेवढीच मी मोजली. सहाशे. छोट्या डॉक्टरने पुन्हा फुंकायला लावले. पुन्हा सहाशे. त्याने काट्याकडे बघितले. ओठांकडे बघितले नाही. मी ओरडून सांगायला हवे होते, पण मला कुठे तोंड आहे? मला फक्त काटा आहे, आणि काटा खोटे बोलत होता.

सहाशे म्हणजे जीव जायची वेळ. पुढच्या दहा मिनिटांत जे झाले ते बघवत नव्हते. चौघांनी त्याला दाबून धरले. लोखंडी पाते घालून जबडा उचलला, जीभ एका बाजूला रेटली आणि नळी घशात खुपसली. पहिल्या खेपेला गेली नाही. दुसऱ्या खेपेला पात्याखाली समोरचा एक दात तुटला आणि ओठ फाटला. मिस्त्रीचे हात लुळे होते, तरी त्याने एकाच्या पोटात कोपर मारलेच. मग हात पट्ट्यांनी खाटेच्या दांडीला बांधले. हे सगळे त्याला वाचवण्यासाठीच चालले होते. पण उशीवर सांडलेले रक्त रक्तच होते. दुपारी कागद भरला. उत्तर आले ब्याऐंशी. खाटेला लाल पट्टी लागली.

शेजारच्या खाटेवर एक निवृत्त गुरुजी होते. त्यांना स्नायू थकण्याचा आजार. पापण्या सारख्या मिटत, श्वास अपुरा पडे, म्हणून त्यांच्याही घशात नळी होती. पण त्यांची पट्टी हिरवी, आकडा अकरा. बोलता येत नसल्यामुळे ते पाटीवर लिहीत. सिस्टर इंजेक्शन द्यायला आल्या की पाटीवर यायचे, 'चाळीस वर्षे पोरांना छड्या मारल्या, आता फेडतो आहे.' यंत्र काढायची त्यांची तारीखही ठरली होती.

मिस्त्रीचे आठ दिवस हालात गेले. नसांवरची महागडी औषधे चालू होती, पण लाल खाट ती लाल खाट. कफ साठून घंटी वाजायची आणि तो डोळे फाडून छताकडे बघत गुदमरायचा. कुणीतरी यायचे, पण धावत नाही. त्याच्या साऱ्या देहात एक उजवा अंगठा तेवढा हलायचा. मोठ्या सिस्टरनी त्याला खूण शिकवली होती. खाटेच्या लोखंडी दांडीवर एकदा टक म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.

आठव्या दिवशी संध्याकाळी छोट्या डॉक्टरने बायकोला आणि धाकट्याला बोलावले. नातेवाइकांच्या खोलीला रंग देत होते, म्हणून बोलणे खाटेच्या पायथ्याशीच झाले. गळ्याला भोक पाडून महिनोन्महिने यंत्रावर ठेवायचे, की हाल थांबवून घरी न्यायचे, हे त्यांनी उद्या चारपर्यंत ठरवायचे होते. घरी नेणे म्हणजे काय, हे सगळ्यांना कळत होते.

"आशा किती आहे, ते स्पष्ट सांगा," धाकटा म्हणाला.

आकडा नातेवाइकांना सांगायचा नाही असा दंडक होता. पण छोटे डॉक्टर सकाळपासून उपाशी होते आणि त्यांच्या तोंडून निघून गेले, "शंभरातले ब्याऐंशी जातात."

"मग उरलेल्या अठरांत माझा दादा का नाही?"

धाकट्याने छोट्या डॉक्टरांची कॉलर धरून त्यांना कपाटावर आपटले. सुरक्षारक्षकांनी ओढून काढले तेव्हा त्याने भिंतीवर अशी मूठ मारली की बोटांची सालपटे निघाली. जाताना तो बजावून गेला, "माझ्या दादाची नळी कुणी काढली, तर हात उखडीन."

या गोंधळात मिस्त्रीकडे कुणी पाहिले नाही. त्याने सगळे ऐकले होते. त्याच्या डोळ्यांतले पाणी कानांत उतरत होते. अंगठा शाबूत होता, हो आणि नाही सांगता येत होते, तरी 'तुम्हाला काय हवे' असे त्यालाच विचारावे, हे कुणाला सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी तीन वाजताच बायको एकटी आली. धाकटा सही करू देणार नाही, म्हणून ती त्याला चुकवून आली होती. गेल्या आठ दिवसांत तिने नवऱ्याचे जे हाल पाहिले होते, त्यांपुढे तिने हात टेकले होते. तिने घरी नेण्याच्या कागदावर सही केली, कागद खाटेवर ठेवला आणि ओल्या फडक्याने त्याचे तोंड पुसू लागली. मोठ्या सिस्टर शेजारी उभ्या होत्या.

"कधीपासून असंच चाललंय बघा, सिस्टर," ती पुटपुटली. "पाय गेले तेव्हापासून पाणी प्यायला की कोपऱ्यातून ओघळायचं. गाडीवर काम करताना शिट्टी वाजवायची सवय, तीही बंद पडली होती. मी म्हटलं, काय रुसलाय का माझ्यावर? तर म्हणाला, ओठच मिटत नाहीत गं."

सिस्टरांचा चेहरा बदलला. "इथे आणायच्या आधीपासून?"

"हो तर. दोन-तीन दिवस आधीपासून."

सिस्टर खणाकडे धावल्या आणि मला घेऊन आल्या. त्यांना कळले होते. ज्याला शिट्टी वाजवता येत नाही, तो फुंकणी कशी फुंकणार? पण आता त्याच्या घशात नळी होती. मला थेट त्या नळीला जोडले, तर मध्ये ओठांचा संबंधच नव्हता. एक थेंब हवा निसटणार नव्हती.

"वहिनी, मी मिनिटभर यंत्राची नळी काढतेय. घाबरू नका. मिस्त्री, फुंकाल का माझ्यासाठी? सगळा जोर लावून?"

दांडीवर एकदा आवाज झाला. टक.

सिस्टरांनी यंत्राची नळी सोडवली आणि मला जोडले. आणि मित्रांनो, त्या माणसाने फुंकले! आठ दिवस गुदमरलेला, दात पाडून घेतलेला, स्वतःच्या मरणाचा आकडा कानांनी ऐकलेला तो माणूस असा फुंकला की माझा पंखा किंचाळला. हजार, बाराशे, पंधराशे. काटा सोळाशे पन्नासवर थांबला.

"मॅडम!" सिस्टर ओरडल्या. "मॅडम, इकडे या!"

त्याच क्षणी दार भिंतीवर आदळले. घरी मिस्त्रीच्या पोरीकडून कळले होते की आई सही करायला गेली आहे, आणि धाकटा रक्षकाला ढकलून आत घुसला होता. त्याला काय दिसले? खाटेवर सही केलेला कागद. यंत्राची नळी सुटून लोंबकळणारी. भावाच्या तोंडाशी सिस्टरचा हात. त्याने जे समजायचे ते समजून घेतले.

त्याने सलाइनचा स्टँड उपटला. पहिला घाव सिस्टरांच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी अगदी जवळून ऐकला. मी उडाले, भिंतीवर आपटले आणि खाटेखाली गडगडत गेले. दुसरा घाव यंत्राच्या पडद्यावर. काचा, ठिणग्या, मग काळोखा पडदा. छोटे डॉक्टर आडवे आले तर स्टँडची दांडी त्यांच्या कपाळावर बसली आणि ते रक्त गाळत खाली कोसळले. धाकटा आंधळा झाल्यासारखा स्टँड फिरवत सुटला होता. कपाटाची काच गेली, औषधांच्या बाटल्या फुटल्या. एक घाव शेजारच्या खाटेच्या दांडीवर पडला. दांडी चेपली. खोलीतली प्रत्येक घंटी एकाच वेळी बोंबलू लागली.

तेवढ्यात बायको पुढे झाली आणि तिने दिराच्या फाडकन मुस्काटात मारली.

"भाऊजी, कुणाला मारायचं ते नंतर मारा! यंत्र फोडलंत तुम्ही! आता त्याला श्वास कोण देणार?"

धाकट्याच्या हातातून स्टँड गळाला. मोडलेले मनगट छातीशी धरून सिस्टरांनी दुसऱ्या हाताने रबरी फुगा मिस्त्रीच्या नळीला लावला आणि धाकट्याच्या हातात दिला. "दाब. एक, दोन. सोड. दाब. एक, दोन. सोड. थांबलास तर बघ."

आणि तो दांडगा माणूस रडत रडत फुगा दाबू लागला. मी खाटेखालून त्याचे पाय तेवढे बघत होते. मग वरून आवाज आला. टक. टक. टक टक टक. मिस्त्रीचा अंगठा दांडीवर न थांबता आपटत होता.

"दादा हलतोय!" धाकटा ओरडला. "वहिनी, बघ, अंगठा हलवतोय! ओळखलं मला! आहे, दादा आहे!"

बायकोही रडायला लागली. सिस्टरांच्या डोळ्यांतही पाणी आले. टक टक टक टक. खाटेखाली धुळीत पडल्या पडल्या माझाही जीव भांड्यात पडला. कितीतरी वेळ ती टकटक चालू होती. मग ती हळूहळू थांबली.

त्यानंतर कुणीतरी मागे वळून पाहिले. शेजारच्या खाटेवर गुरुजी निळे पडले होते. स्टँडच्या पायात त्यांची नळी अडकून घशातून बाहेर ओढली गेली होती, आणि स्वतःचा श्वास ओढण्याइतका जोर त्यांच्या छातीत अजून आला नव्हता. त्यांच्याही यंत्राची घंटी वाजत होती, पण सगळ्याच वाजत होत्या. धावत आलेल्या मॅडमनी खाटेवर चढून दोन्ही हातांनी त्यांची छाती दाबली. बरगड्या मोडल्या, तरी त्या दाबत राहिल्या. पंचवीस मिनिटांनी त्या खाली उतरल्या. पाटी जमिनीवर दोन तुकडे होऊन पडली होती. खाटेच्या पायथ्याशी हिरवी पट्टी तशीच होती.

पोलीस आले तेव्हा धाकटा फुगाच दाबत होता. दुसरे यंत्र येईपर्यंत ते दाराशी थांबले, मग त्याला बेड्या घालून घेऊन गेले.

मॅडमनी मला खाटेखालून उचलले. काच तडकलेली, काटा सोळाशे पन्नासवर रुतलेला. सिस्टरांनी सगळे सांगितले. मॅडमनी कागद काढला, सहाशे खोडून आठवा चौकोन पुन्हा भरला. ब्याऐंशीचे चौतीस झाले. औषधांनी श्वास थोडा वाढलाही असेल. पहिल्या दिवशीचा खरा आकडा आता कुणालाच कळणार नव्हता. सहाशे बारा फायली उपसल्या होत्या बाईंनी, पण 'शेजाऱ्याच्या भावाचा राग' असा चौकोन त्या कागदावर कुठेच नव्हता. मग त्या उठल्या आणि आठही खाटांच्या पट्ट्या स्वतःच्या नखांनी खरवडून काढल्या. सही केलेला कागद बायकोने फाडला. मिस्त्रीच्या गळ्याला भोक पडले आणि तो अडीच महिन्यांनी काठी टेकत घरी गेला. धाकट्याला सात वर्षांची शिक्षा झाली.

आता शेवटचे सांगते. वर्षाने एका सकाळी मिस्त्री हातोडी आणि ऐरणीचा ठोकळा घेऊन दारात उभा राहिला. मोठ्या सिस्टरांना म्हणाला, "त्या गुरुजींच्या खाटेच्या दांडीचा पोचा काढून देतो. तेवढंच येतं मला."

खोलीत तेव्हा ती खाट रिकामी होती. हातांत पहिला जोर नव्हता. चार ठोके घातले की तो थांबायचा. मी खिडकीतल्या फळीवरून बघत होते. सिस्टरांचे मनगट अजून वाकडेच होते. त्या त्याला चहा घेऊन आल्या आणि समजूत घालावी तसे म्हणाल्या, "पुरे झालं, मिस्त्री. तुमचा काय दोष? तुम्ही वाचलात, हेच खूप. त्या दिवशी तुमचा अंगठा हलला ना, तेव्हा आम्हाला किती धीर आला होता!"

मिस्त्रीने हातोडी खाली ठेवली. गळ्याच्या व्रणावर बोट दाबल्याशिवाय त्याला नीट बोलता येत नसे. त्याने बोट दाबले.

"सिस्टर, माझी मान त्यांच्याच बाजूला होती," तो म्हणाला. "नळी निघालेली फक्त मला दिसली. त्यांचे डोळे माझ्याकडेच होते. मी दांडी वाजवत होतो ती धाकट्यासाठी नाही. तिकडे बघा, तिकडे बघा, एवढंच सांगत होतो. तुम्ही सगळे हसत होता, रडत होता. ते गेले, मग मी थांबलो."

सिस्टरांच्या हातातला चहा तसाच राहिला.

"त्यांच्या लेकीला जाऊन सांगितलं मी. तिने ऐकून घेतलं आणि दार लावलं." त्याने पुन्हा हातोडी उचलली. संध्याकाळपर्यंत त्याने दांडी अशी सरळ केली की कुणाला पोचा शोधूनही सापडू नये. माझा काटाही सोडवून देतो म्हणाला. मॅडम म्हणाल्या, राहू दे.

म्हणून मी अशी आहे. नव्या मुलांना शिकवताना मॅडम मला हातोहात फिरवतात. तुम्हीही मला घ्या, मित्रांनो, कानाशी धरून हलवा. आत तुटलेला पंखा खुळखुळेल. मला जपायची गरज नाही, माझ्यासारख्या बाजारात पुष्कळ मिळतात. पण उद्या कुणाचा आकडा तुमच्या हाती आला, तर तो वाचण्याआधी त्या माणसाच्या ओठांकडे बघा. आणि ज्याला बोलता येत नाही असे कुणी दांडी वाजवू लागले, तर ते तुमच्याच आनंदासाठी आहे असे समजू नका. तो जिकडे बघतो आहे, तिकडे मान वळवा. त्या दिवशी ती टकटक ऐकून खोलीत सगळ्यात आधी सुखावली होती ती मीच.